ऐकणारा पर्यवेक्षक : कामगारांचे मनःस्वास्थ्य आणि पर्यवेक्षकांचे शिक्षण यांच्या इतिहासाचे एक प्रकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील एक शिफारस अशी आहे की, ज्यांच्या हाताखाली इतर माणसे काम करतात त्यांना, त्या माणसांच्या मनःस्वास्थ्यास आधार कसा द्यावा, याचे रीतसर शिक्षण दिले जावे. ही शिफारस वाचणारास नवीन वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तिच्यामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात यशाइतकेच अपयशही आहे. त्याचे विस्मरण झाल्यास जुन्याच चुका नव्या नावाने पुन्हा होतील, या भीतीने प्रस्तुत निबंधात त्यातील काही निवडक प्रसंगांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

‘पर्यवेक्षक’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. फोरमन, जॉबर, मुकादम, खात्याचा प्रमुख, कचेरीतील विभागाधिकारी हे सर्व त्यात येतात. मालक किंवा संचालक कामगारास क्वचितच भेटतो. पर्यवेक्षक त्यास रोज भेटतो. कामगाराचा चेहरा उतरलेला आहे, त्याचा हात पूर्वीसारखा चालत नाही, तो सोमवारी वारंवार गैरहजर राहतो, ह्या गोष्टी सर्वांआधी त्याच्याच दृष्टीस पडतात. म्हणून मनःस्वास्थ्याचा विचार करणारे सर्वजण पर्यवेक्षकापाशी येऊन पोचतात, हे स्वाभाविकच आहे. परंतु येथेच दोन प्रश्न उपस्थित होतात. ज्याच्या अहवालावर माणसाची बढती, मजुरी आणि नोकरी अवलंबून आहे, त्याच्यापाशी त्या माणसाने आपले मन उघडे करावे काय? आणि केले, तर ऐकून घेण्यापलीकडे काही करण्याचा अधिकार त्या पर्यवेक्षकास असतो काय? पुढील विवेचनाचा रोख या दोन प्रश्नांकडे आहे.

२. युद्ध, थकवा आणि मन

कारखान्यातील कामगारास मन आहे ही गोष्ट कोणी नाकारली नव्हती. परंतु ते मन अभ्यासाचा विषय होऊ शकते, ही जाणीव प्रामुख्याने पहिल्या महायुद्धाने करून दिली. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ या विकाराविषयी लेख लिहून ती संज्ञा शास्त्रीय वाङ्मयात आणली. शरीरावर जखम नसलेला धडधाकट सैनिक हातपाय थरथरून, वाचा जाऊन किंवा स्मृती हरपून निकामी होतो, हा अनुभव लष्करी अधिकाऱ्यांस गोंधळात टाकणारा होता. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. कामाचे तास वाढविले म्हणजे उत्पादन त्या प्रमाणात वाढतेच असे नाही, हे तिच्या पाहणीतून पुढे आले, आणि १९१८ मध्ये औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. रणांगणावरून परतलेल्या मायर्स यांनी १९२१ मध्ये लंडन येथे औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था काढली. युद्धातील मनोविकारांचा अभ्यासक कारखान्याकडे वळला, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

या काळातील एक संशोधन आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तारखात्यातील कर्मचाऱ्यांच्या हातास पेटके येत व यंत्राची कळ दाबणे त्यांस अशक्य होई. हा विकार स्नायूंचा समजला जात असे. मे स्मिथ, मिलेस कल्पिन आणि एरिक फार्मर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखविले की, असा त्रास असणाऱ्यांमध्ये मानसिक अस्वास्थ्याची लक्षणे इतर कर्मचाऱ्यांच्या मानाने कितीतरी अधिक आढळतात. हाताच्या दुखण्यामागे मनाचे दुखणे असू शकते, हा सिद्धांत आज सर्वमान्य आहे. पण त्या वेळी त्याचे दोन परस्परविरोधी अर्थ लावता येत होते. कामामुळे मन बिघडते, म्हणून काम सुधारावे, हा एक अर्थ. मुळात दुबळ्या मनाची माणसे या कामास नालायक असतात, म्हणून त्यांस निवडूच नये, हा दुसरा. पुढील अर्धशतकभर औद्योगिक मानसशास्त्र या दोन अर्थांमध्ये हेलकावे खात राहिले. पर्यवेक्षकाच्या शिक्षणाचा प्रश्न या हेलकाव्यातच जन्मास आला.

३. हॉथॉर्न : एकवीस हजार मुलाखती

शिकागोनजीकच्या सिसरो या गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून जे प्रयोग झाले, त्यांचे वर्णन प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते. प्रकाशाचे प्रमाण कमीजास्त करून उत्पादनावर होणारा परिणाम मोजण्याचा प्रयत्न, आणि १९२७ मध्ये सुरू झालेली, दूरध्वनियंत्रातील ‘रिले’ नावाचा भाग जुळविणाऱ्या तरुणींची चाचणी-खोली, यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. एवढेच नमूद करणे अवश्य आहे की, या खोलीत देखरेख सौम्य होती व मुलींचे मत विचारले जात होते असे जे सांगितले जाते, त्यास एक अपवाद आहे. जानेवारी १९२८ मध्ये त्यांपैकी दोघींना, त्या फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत या कारणास्तव, खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. मोकळेपणाची मर्यादा कोण ठरवितो, हे या लहानशा घटनेने स्पष्ट होते.

आपल्या विषयाचा खरा आरंभ सप्टेंबर १९२८ मध्ये होतो. चाचणी-खोलीतील अनुभवावरून कंपनीस असे वाटू लागले की, उत्पादनवाढीचे रहस्य देखरेखीच्या पद्धतीत असावे. परंतु पर्यवेक्षकांना शिकवावयाचे काय? कामगारांस कोणती देखरेख आवडते व कोणती जाचते, याची माहितीच उपलब्ध नव्हती. ती मिळविण्यासाठी कामगारांच्या मुलाखती घेण्याचे ठरले. म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला हा मुलाखतींचा उपक्रम मुळात पर्यवेक्षकांच्या शिक्षणासाठी साधनसामग्री गोळा करण्याच्या हेतूने निघाला होता. पहिल्या वर्षी तपासणी विभागातील सुमारे १,६०० कामगारांच्या मुलाखती झाल्या; १९३० च्या अखेरीस हा आकडा २१,००० च्या वर गेला. मुलाखतींतून निघालेली प्रकरणे, नावे वगळून, पर्यवेक्षकांच्या बैठकींत चर्चेस ठेवली जात.

आरंभी मुलाखत घेणारा ठरावीक प्रश्न विचारीत असे. लवकरच असे आढळून आले की, कामगार प्रश्नास थोडक्यात उत्तर देऊन मनात घोळत असलेल्या दुसऱ्याच गोष्टीकडे वळतो. १९२९ च्या मध्यास पद्धत बदलली. मुलाखत घेणाराने प्रश्न विचारू नयेत, उपदेश करू नये, वाद घालू नये, मध्ये तोडू नये. समोरच्यास जे बोलावेसे वाटते ते बोलू द्यावे, असे ठरले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबू लागली. या पद्धतीस तात्त्विक बैठक देण्याचे काम हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो यांनी केले. मूळचे ऑस्ट्रेलियन असलेल्या मेयो यांचा मनोविकारशास्त्राचा व्यासंग होता, आणि रुग्णाशी बोलण्याची रीत कारखान्यात आणता येईल असा त्यांना विश्वास होता. एका कामगार स्त्रीस आपल्या पर्यवेक्षकाचा कमालीचा तिटकारा होता. तिला सांभाळणे कठीण, असा इशारा त्याच पर्यवेक्षकाने मुलाखतकारास देऊन ठेविला होता. बोलता बोलता तिचे तिलाच उमगले की, त्या मनुष्यात तिला आपल्या नावडत्या सावत्र बापाचा भास होत होता. मेयो यांनी ही हकीकत मोठ्या समाधानाने सांगितली आहे, आणि मनमोकळ्या बोलण्याचे सामर्थ्य ती दाखविते यात शंका नाही.

परंतु याच ठिकाणी एक गंभीर वळण आले. फ्रिट्झ रोथलिस्बर्गर आणि विल्यम डिक्सन यांच्या १९३९ च्या ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ या ग्रंथात तक्रारीचा उघड आशय आणि सुप्त आशय असा भेद केला आहे. नगावारी मजुरीचे दर फार कमी आहेत, अशी तक्रार एक कामगार करतो. पुढे बोलण्यात येते की, त्याची पत्नी इस्पितळात आहे व डॉक्टरचे बिल कसे भागवावे या विवंचनेत तो आहे. ग्रंथकारांच्या मते येथे दराविषयीच्या विधानापेक्षा त्यामागील विवंचना महत्त्वाची. हे विश्लेषण सूक्ष्म आहे. पण त्यातून एक सोयीस्कर पळवाट निघते. पत्नीच्या आजारपणाची चिंता खरी असली, म्हणून दर पुरेसा ठरत नाही. किंबहुना दर पुरेसा असता तर बिलाची विवंचना तितकी तीव्र झाली नसती. तक्रारीस लक्षण मानण्याची सवय जडली की, मजुरीचा प्रश्न स्वभावाचा प्रश्न होऊन बसतो, आणि पर्यवेक्षकाचे सहानुभूतीपूर्वक ऐकणे हे प्रश्न मिटविण्याऐवजी मुरविण्याचे साधन बनते. हॉथॉर्नवरील टीकेत हा आक्षेप पुढे वारंवार आला आहे, आणि तो अनुचित म्हणता येणार नाही.

महामंदीने मुलाखतींचा उपक्रम बंद पडला. विसाच्या दशकाच्या अखेरीस हॉथॉर्नमध्ये सुमारे चाळीस हजार माणसे कामास होती. मंदीत त्यांपैकी बहुसंख्यांस घरी जावे लागले. एकवीस हजार माणसांचे अंतरंग ज्या नोंदींत साठविले होते, त्या नोंदींचा या माणसांस काही उपयोग झाला नाही.

१९३६ मध्ये कंपनीने हा उपक्रम निराळ्या रूपात पुन्हा सुरू केला. आता पर्यवेक्षकाऐवजी स्वतंत्र समुपदेशक नेमले गेले. ते खात्यात हिंडत, कामगारांशी बोलत, ऐकलेले गुप्त ठेवीत. त्यांस कोणताही अधिकार नव्हता. कामगाराच्या वतीने व्यवस्थापनाकडे रदबदली करणे त्यांच्या कामात बसत नव्हते. निबंधाच्या आरंभी उपस्थित केलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या योजनेने दिले, असे म्हणता येईल : अधिकार आणि ऐकणे यांची फारकत केली, म्हणजे कामगारास भीती उरत नाही. पण त्यामुळे दुसरा प्रश्न अधिकच तीव्र झाला. जो ऐकतो त्यास काही करता येत नाही, आणि ज्यास काही करता येते त्याच्या कानावर काही जात नाही, अशी स्थिती निर्माण झाली. १९४८ च्या सुमारास ५५ समुपदेशक वीस हजारांवर कामगारांसाठी काम करीत होते; हा योजनेचा उत्कर्षबिंदू होय. त्यानंतर तिला उतरती कळा लागली आणि १९५६ मध्ये ती बंद करण्यात आली. एवढ्या भव्य प्रयोगाचा शेवट इतक्या शांतपणे व्हावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

४. दहा तासांचे शिक्षण

हॉथॉर्नचा समुपदेशक कारखान्यात हिंडत असतानाच अमेरिकेत दुसरा एक प्रयोग चालू होता. युद्धसामग्रीचे उत्पादन झपाट्याने वाढवावयाचे होते, अनुभवी फोरमन सैन्यात जात होते, आणि काल कामाला लागलेला मनुष्य आज दहाजणांवर देखरेख करीत होता. या गरजेतून ऑगस्ट १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी यंत्रणा उभी राहिली. तिचे प्रमुख चॅनिंग डूली हे तेल उद्योगातील होते, तर त्यांचे सहकारी वॉल्टर डिट्झ हे खुद्द वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून आलेले होते. हॉथॉर्नच्या विचारांचा वारसा या वाटेने नव्या यंत्रणेत आला.

या यंत्रणेच्या तीन प्रमुख पाठ्यक्रमांपैकी एक माणसांशी असलेल्या संबंधांविषयी होता. दोन दोन तासांच्या पाच बैठकी, एका गटात सुमारे दहा पर्यवेक्षक, आणि प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातील एक खरीखुरी अडचण मांडावयाची, अशी त्याची रचना होती. शिकवणूक एका खिशात मावेल अशा लहान कार्डावर छापलेली असे. प्रत्येक माणसास त्याचे काम कसे चालले आहे ते सांगावे. चांगल्या कामाचे श्रेय वेळीच द्यावे. ज्या बदलाची झळ माणसास लागणार तो बदल त्यास आधी कळवावा. प्रत्येकाच्या अंगच्या गुणांचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. हे त्याचे चार आधार होते. अडचण उद्भवल्यास प्रथम वस्तुस्थिती गोळा करावी, मग तोलून पाहून निर्णय घ्यावा, मग कृती करावी, आणि शेवटी परिणाम तपासावा, असा क्रम होता. यांतील पहिल्या पायरीत माणसाची मते आणि भावना यांचाही समावेश केलेला होता. ज्या गोष्टीस फोरमन आजवर नसती कुरकुर समजत होता, तिची गणना आता वस्तुस्थितीत होऊ लागली.

वरवर पाहता हॉथॉर्नच्या मानाने हा पाठ्यक्रम फारच उथळ वाटेल. त्यात सुप्त आशयाचा शोध नाही, दीड तासाची मुलाखत नाही. परंतु एक महत्त्वाचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. येथे ऐकण्याची परिणती कृतीत व्हावी अशी अपेक्षा होती, आणि त्या कृतीचा परिणाम पुन्हा तपासावा असा दंडक होता. पर्यवेक्षकाकडून मनोवैद्याची अपेक्षा केलेली नव्हती. आपल्या अधिकाराच्या कक्षेत जे करता येईल ते विचारपूर्वक करावे, एवढीच होती. सप्टेंबर १९४५ मध्ये यंत्रणा बंद झाली, तेव्हा तिन्ही पाठ्यक्रम मिळून साडेसतरा लाख लोकांस प्रमाणपत्रे मिळाली होती, व त्यांपैकी सुमारे ४,९०,००० या पाठ्यक्रमाची होती.

अशा शिक्षणाने पर्यवेक्षक खरोखर बदलतो काय? याचे काळजीपूर्वक उत्तर युद्धोत्तर काळात ओहायो स्टेट विद्यापीठातील एडविन फ्लाइशमन यांनी शोधले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे फोरमन शिकागो येथील कंपनीच्या शाळेत मानवी संबंधांचा पाठ्यक्रम पुरा करीत. पाठ्यक्रमाच्या अखेरीस त्यांच्या मतांत कामगारांविषयीचा आदर वाढलेला दिसे. परंतु ते कारखान्यात परतल्यावर, शिक्षण घेतलेल्या व न घेतलेल्या फोरमनांच्या वर्तनात तसा टिकाऊ फरक आढळला नाही. त्यांचे वर्तन अधिक करून एका गोष्टीवर अवलंबून होते : त्यांचा स्वतःचा वरिष्ठ त्यांच्याशी कसा वागतो. १९५० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ दूरगामी आहे. शाळेत शिकलेली सहानुभूती वरिष्ठाच्या धाकापुढे टिकत नाही. जो स्वतः भयात आहे, तो दुसऱ्यास अभय कसे देणार? पुढे १९६२ मध्ये फ्लाइशमन व हॅरिस यांनी असेही दाखविले की, जेथे फोरमन माणसांची कदर करीत नाही तेथे गाऱ्हाण्यांचे व नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण वाढते. म्हणजे पर्यवेक्षकाच्या वागणुकीचे महत्त्व खरे. मात्र ती वागणूक केवळ त्याच्या शिक्षणाने घडत नाही.

दरम्यान ब्रिटनमध्ये रसेल फ्रेझर यांनी बर्मिंगहॅमच्या परिसरातील यंत्रकामाच्या कारखान्यांतील तीन हजारांवर कामगारांची तपासणी केली. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार शेकडा १० कामगारांत स्पष्ट मनोविकृती व आणखी शेकडा २० कामगारांत तिची सौम्य लक्षणे आढळली. आजारपणामुळे होणाऱ्या गैरहजेरीपैकी एकचतुर्थांश ते एकतृतीयांश गैरहजेरी या कारणाने होती. नावडते व कंटाळवाणे काम, अतिदीर्घ तास, माणसांशी संबंध न येणे, यांचाही या विकारांशी संबंध दिसून आला. हे सर्व सुधारणे पर्यवेक्षकाच्या हाती नव्हते.

५. मुंबईचा मुकादम आणि अहमदाबादचे माग

आतापर्यंतच्या विवेचनात असे गृहीत धरले आहे की, पर्यवेक्षक कामगारापासून दूर असतो व त्यास जवळ आणावयाचे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या गृहीतकास धक्का देतो. गिरणीतील जॉबर अथवा मुकादम हा कामगारापासून दूर मुळीच नव्हता. तो आपल्या गावाकडची, आपल्या नात्यागोत्याची माणसे भरती करी, त्यांस चाळीत जागा मिळवून देई, अडीअडचणीला कर्ज देई, भांडणे मिटवी. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे कर्ज थकले आहे, कोणाचे मन गावी गुंतले आहे, हे त्यास पक्के ठाऊक असे. हॉथॉर्नच्या मुलाखतकारास दीड तास बसून जे कळे, ते त्याला चाळीच्या जिन्यावर कळत होते.

पण या ज्ञानाचे त्याने काय केले? १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर कठोर टीका केली. नारायण मल्हार जोशी हे या आयोगाचे एक सदस्य होते. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी कामगारास जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. सावकारी आणि भरती एकाच हाती असल्याने सुटका नसे. कोणत्याही सत्तेप्रमाणे या सत्तेसही दोन बाजू होत्या, आणि संपाच्या वेळी काही जॉबर कामगारांच्या बाजूने उभे राहिले हेही खरे. परंतु मुद्दा असा की, माणसाच्या अंतरंगाची माहिती असणे आणि त्यास आधार देणे या भिन्न गोष्टी आहेत. अधिकाराला बंधन नसेल, तर जवळीक हेच शोषणाचे साधन होते. आजच्या प्रशिक्षणवर्गांत पर्यवेक्षकास ‘आपल्या माणसांना जाणून घ्या’ असे सांगितले जाते, तेव्हा मुंबईच्या या अनुभवाचे स्मरण ठेवणे हितावह होईल.

आयोगाने सुचविलेला उपाय म्हणजे भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार-अधिकारी नेमणे. या नव्या पेशासाठी शिक्षित माणसे हवी होती. १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा, जी १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते, तसेच १९४७ मध्ये निघालेली मुंबई सरकारची कामगार-शिक्षणसंस्था, यांनी ही गरज भागविली. १९४८ च्या कारखाना-कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे बंधनकारक केले. योगायोग असा की, हॉथॉर्नचा समुपदेशक उत्कर्षाच्या शिखरावर होता तेव्हाच भारतीय कायद्याने हा अधिकारी निर्माण केला. आणि दोघांच्याही वाट्यास तोच पेच आला. पगार मालकाचा, विश्वास मात्र कामगाराचा मिळवावयाचा. कल्याण-अधिकाऱ्याची पुष्कळशी शक्ती उपाहारगृह, पाळणाघर व शिस्तभंगाची चौकशी यांत खर्च झाली, आणि मनःस्वास्थ्याचा विषय बाजूस पडला.

याच दशकात अहमदाबाद येथे निराळ्या दिशेने पाऊल पडले. तेथील वस्त्रोद्योग-संशोधन संस्थेत कमला चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मानवी संबंधांचा स्वतंत्र विभाग काम करीत होता. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको गिरणीच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात एक प्रयोग केला. २२४ मागांवर २९ माणसे होती आणि त्यांची कामे १२ प्रकारांत तुकडे पाडून वाटलेली होती. कोण कोणाबरोबर काम करतो, कोणास कोणाचे ऐकावयाचे, हे धड कोणासच सांगता येत नव्हते. यंत्रे नवी असूनही काम अपेक्षेप्रमाणे होत नव्हते. राइस यांनी फोरमनांना सहानुभूतीचे पाठ दिले नाहीत. सात माणसांच्या एका गटाकडे ६४ मागांची एकत्रित जबाबदारी सोपवावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले गट आपणच बनविले. काही चढउतारांनंतर उत्पादन सुधारले व खराब माल कमी झाला. पर्यवेक्षकाची भूमिकाही आपोआप बदलली. प्रत्येक माणसावर नजर ठेवण्याऐवजी गटाला लागणारी सामग्री वेळेवर पुरविणे व बाहेरच्या अडचणी दूर करणे, हे त्याचे काम झाले. कामाची मांडणीच अशी होती की तिच्यात माणसांना एकमेकांचा आधार मिळे. तो कोणी वरून देण्याचे कारण उरले नाही.

मुंबईपुरते सांगावयाचे तर, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव क्रमाक्रमाने उजाड झाले. त्या वेळी हजारो घरांत जे मानसिक हाल झाले, त्यांवर कोणत्याही मुकादमाचे वा कल्याण-अधिकाऱ्याचे शिक्षण हा उपाय नव्हता. मंदीतील हॉथॉर्नप्रमाणेच येथेही रोजगाराची शाश्वती हाच मनःस्वास्थ्याचा पहिला आधार असल्याचे सिद्ध झाले.

६. उपसंहार

या पार्श्वभूमीवर आजच्या शिफारशीकडे पाहिले, तर तिची मर्यादशीलता हाच तिचा गुण वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेनुसार पर्यवेक्षकाने रोगनिदान किंवा उपचार करावयाचा नाही. हाताखालच्या माणसाची व्यथा ओळखणे, तिच्याविषयी मोकळेपणाने बोलणे, कामातील जाच शक्य तितका कमी करणे, आणि योग्य साहाय्याकडे जाण्यास त्यास वाट दाखविणे, एवढे त्याचे कर्तव्य. त्याचबरोबर कामाचा बोजा, वेळापत्रक व निर्णयातील सहभाग यांत संस्थेनेच सुधारणा करावी, अशी स्वतंत्र शिफारस त्याच दस्तऐवजात आहे. पहिली शिफारस उचलून दुसरी विसरणे, हा हॉथॉर्नचा मोह आजही प्रबळ आहे. कारण प्रशिक्षणवर्ग भरविणे स्वस्त असते, आणि कामाचा बोजा कमी करणे महाग.

अशा मर्यादित शिक्षणाचा उपयोग होतो, यास आधार आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या अग्निशमन दलात पर्यवेक्षकांना अवघे चार तासांचे शिक्षण देऊन केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षित पर्यवेक्षकांच्या हाताखालील जवानांची, कामामुळे उद्भवलेल्या आजारपणाची रजा पुढील सहा महिन्यांत घटली, इतरांची वाढली. खर्चाच्या सुमारे दहापट बचत झाल्याचा हिशेब संशोधकांनी मांडला. मात्र सर्वसाधारण आजारपणाच्या रजेत लक्षणीय फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. जेथे नोकरी स्थिर आहे, रजेचा हक्क आहे आणि उपचाराची सोय आहे, अशा दलात हे यश मिळाले. कंत्राटदाराच्या मुकादमाला, ज्याच्या माणसांस भरपगारी रजाच नाही, तोच पाठ शिकवून तेच फळ मिळेल असे मानण्यास आधार नाही.

सारांश, आरंभी उपस्थित केलेल्या दोन प्रश्नांस इतिहासाने दिलेली उत्तरे पुढीलप्रमाणे मांडता येतील. अधिकारी पुरुषापाशी मन उघडे करणे जोखमीचे आहे, आणि ती जोखीम केवळ त्याच्या सौजन्याने नाहीशी होत नाही. तिला गुप्ततेचे नियम, दाद मागण्याची सोय आणि कामगारांची संघटना यांचे कुंपण लागते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. परंतु ही जबाबदारी उपचार करणारांवर आहे, आणि पर्यवेक्षकाच्या मेजासमोर सांगितलेली गोष्ट तिच्या बाहेरच राहते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, ऐकण्याचे शिक्षण आणि बदल करण्याचा अधिकार ही दोन्ही पर्यवेक्षकास एकत्र मिळाली पाहिजेत. हॉथॉर्नच्या समुपदेशकाजवळ पहिले होते, मुंबईच्या जॉबरजवळ दुसरे. पर्यवेक्षक स्वतःही कामगारच आहे, त्याच्यावरही कोणी वरिष्ठ आहे, आणि त्याचे ऐकणारे कोणी नसेल तर तो दुसऱ्याचे फार काळ ऐकू शकत नाही, हा फ्लाइशमन यांच्या संशोधनाचा इत्यर्थ या विषयावरील कोणत्याही योजनेच्या अग्रभागी असावयास हवा.

महाराष्ट्रातील जॉबर, कल्याण-अधिकारी आणि कामगार-शिक्षणसंस्था यांच्या कागदपत्रांचा व जुन्या कामगारांच्या आठवणींचा या दृष्टीने अभ्यास होणे इष्ट आहे. गिरण्यांत आयुष्य घालविलेली माणसे वयोवृद्ध झाली आहेत. त्यांच्या मुकादमाविषयी, कामाच्या जाचाविषयी आणि मिळालेल्या वा न मिळालेल्या आधाराविषयी त्यांस विचारण्याची संधी फार दिवस राहणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, आणि ते करताना हॉथॉर्नच्या मुलाखतकाराची एक चूक टाळावी : मजुरीविषयी कोणी बोलू लागल्यास, तो मजुरीविषयीच बोलत आहे असे प्रथम मानावे.